अर्थकाका

आमच्या कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये शिरताना दारातच तीन गोष्टी कराव्या लागत. हातातलं कडं, घड्याळ, अंगठी काढून खिडकीतल्या ताटलीत ठेवायची. दाराजवळच्या लोखंडी कपाटाच्या कडीला बोट लावायचं. आणि आतून जो प्रश्न येई त्याला उत्तर द्यायचं. प्रश्न वर्षानुवर्षं एकच होता : "अर्थ लागला का?"

नवा मुलगा इथं हमखास गडबडे. आमच्या वर्गात एक अतिहुशार मुलगा होता. गुणवत्ता यादी अजून निघत असती तर नक्की बोर्डात आला असता. पहिल्या दिवशी दारात उभा राहून तो अत्यंत गंभीरपणे म्हणाला, "नाही सर, अजून नाही लागला. पण प्रयत्न चालू आहे." आतल्या स्टुलावरच्या माणसाने चष्म्यावरून त्याला न्याहाळलं आणि म्हटलं, "प्रयत्न कशाला? कडीला बोट लावा, लागेल."

हे आमचे अर्थकाका. हुद्दा लॅब असिस्टंट. मस्टरवर त्यांचं पाळण्यातलं नाव होतं, पण पगारपत्रक सोडून त्या नावाचा कुणी उपयोग केल्याचं मला आठवत नाही. किडकिडीत अंगकाठी, पांढरा हाफ शर्ट, खिशात टेस्टर, गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा. अंगावर धातू म्हणाल तर चष्म्याच्या बिजागऱ्या तेवढ्या.

त्या कपाटाच्या पाठीमागून एक हिरवी वायर निघून भिंतीच्या कडेकडेने अर्थिंगला गेली होती. ती काकांनी स्वतः ओढलेली. हिवाळ्यात पुण्याची हवा कोरडी पडते, अंगात लोकरी स्वेटर येतो, बूड प्लॅस्टिकच्या खुर्चीवर घासतं आणि माणसाच्या अंगावर वीज साठते. दाराच्या मुठीला हात लावल्यावर चटका बसतो तो तिचाच. तो जाणवतो तेव्हा अंगावर साधारण ३,००० व्होल्ट तरी असतात. चिपला याच्या कितीतरी कमी पुरतात. आपल्याला पत्ता लागायच्या आत ती गेलेली असते. म्हणून बोर्डाला शिवण्याआधी अंगावरची वीज कडीत सोडायची. कडीतच. कपाटाच्या रंगाला बोट लावलेलं काकांना चालत नसे. "रंग वीज अडवतो," ते म्हणत. "देवळात जाऊन भिंतीला नमस्कार करता काय? देव कडीत आहे."

देवाचं नाव निघाल्यावर व्हायचं तेच झालं. मुलं कडीला बोट लावून ते छातीला लावू लागली. ज्यांचे विषय राहिले होते ती दोनदा लावत. सबमिशनच्या आठवड्यात कडीवर कुंकू आलं, तोंडी परीक्षेच्या दिवशी झेंडूचं फूल आलं. काकांनी फूल राहू दिलं, कुंकू पुसून काढलं आणि फळ्यावर सूचना लिहिली : "पाणी शिंपडू नये. कडी गंजेल, अर्थ तुटेल."

काका मूळचे टीव्हीवाले. कॉलेजात चिकटण्याआधी बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाजवळच्या एका बोळात, ते दहाएक वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्त करत होते. तेव्हाच्या रंगीत टीव्हीच्या पिक्चर ट्यूबला वीस-पंचवीस हजार व्होल्ट लागत आणि प्लग काढला तरी ट्यूब ते पोटात धरून बसे. म्हणून दुकानाच्या मालकाने पहिल्याच दिवशी शिकवलं होतं : उघड्या टीव्हीत एकच हात घालायचा, दुसरा पाठीमागे ठेवायचा. दोन्ही हात आत गेले तर वीज एका हातातून शिरते, छातीतून जाते, दुसऱ्या हाताने निघते आणि जाताना माणसालाही बरोबर नेते. पुढे टीव्ही सपाट झाले, ट्यूब भंगारात गेल्या. काकांचा डावा हात मात्र पाठीमागेच राहिला. ५ व्होल्टच्या बोर्डावरही ते एका हाताने काम करत. आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. आम्ही त्याला शास्त्र समजलो आणि आमच्या अख्ख्या बॅचने एक सत्रभर डावा हात मागे घेऊन प्रॅक्टिकलं केली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शेवटी हळूच विचारलं, "तुमच्या कॉलेजात मिलिटरी ट्रेनिंगही असतं का?"

पूर्वी आमच्या लॅबमध्ये ८०८५ आणि ८०५१ या चिपांची किटं होती. बॅगेएवढी पेटी, तिला झाकण, आत स्वतःचा पॉवर सप्लाय. घरंदाज मंडळी. मग अभ्यासक्रम बदलला आणि आर्डुइनो उनो नावाचे बोर्ड आले. तळहाताएवढे, निळे, संपूर्ण उघडे. काकांनी पहिला बोर्ड खोक्यातून काढला तो दोन बोटांनी कडेला धरून, निखाऱ्यावरचा पापड उचलावा तसा. उलटा करून खालची सोल्डरची टोकं पाहिली आणि हळहळले, "पोर गोड आहे हो. पण अंगावर झबलंसुद्धा घातलेलं नाही."

त्या आठवड्यात त्यांनी प्लायवूडचे ४० तुकडे कापले, प्रत्येकाला नायलॉनचे चार स्क्रू लावले आणि प्रत्येक बोर्डाला बसायला एकेक पाट करून दिला. बोर्ड टेबलावर ठेवलेला दिसला की ते ओरडत, "पाट घाला आधी!" याला कारण होतं. बोर्डाच्या पोटाखाली सगळी टोकं उघडी असतात. खाली स्टीलची पट्टी, पेनाचं टोपण, कापलेल्या वायरचा बारीक तुकडा, काहीही आलं तरी जी टोकं जन्मात भेटू नयेत ती भेटतात. आमच्यातल्या एकाने तर काळजी म्हणून बोर्ड तो ज्यातून आला त्या चंदेरी पिशवीवरच ठेवून चालू केला. काकांनी झेप घेऊन केबल उपटली. ती पिशवी अंगावरची वीज पसरवून देते म्हणूनच बोर्ड तिच्यात सुरक्षित. पण म्हणजेच तिच्यातून थोडीफार वीज वाहते. "अहो इंजिनीयर," काका म्हणाले, "झोपलेल्याला गोधडीत ठेवतात. जागा झाल्यावर तिच्यावर नाचवत नाहीत."

इथे एक सांगायला हवं. काकांची सर्वनामं मल्टिमीटरसारखी होती. पारा चढला की 'अहो-जाहो', खूश असले की 'अरे-तुरे'. "ये रे गाढवा" असं कानावर आलं की जीव भांड्यात पडे. "या साहेब, बसा" म्हटलं की समजावं, काहीतरी जळालंय.

बोर्ड आले तसं काकांनी त्यांचं कूळही काढलं. २००५ मध्ये इटलीतल्या इव्ह्रिया गावी, डिझाइन शिकवणाऱ्या एका संस्थेत आर्डुइनोचा जन्म झाला. नाव ठेवलं ते मंडळी जिथे बसत त्या बारवरून. आणि त्या बारचं नाव आर्डुइन नावाच्या राजावरून, जो १००२ ते १०१४ इटलीचा राजा होता. उनो हा त्यातला २०१० चा बोर्ड. इटालियनमध्ये उनो म्हणजे एक. ही कथा काका प्रत्येक बॅचला सांगत आणि शेवटी म्हणत, "पुण्यात जन्मला असता तर नाव अमृततुल्य पडलं असतं." बोर्डाचा आराखडा सगळ्यांना खुला आहे, त्यामुळे तसेच बोर्ड कुणीही बनवतो आणि ते तपकीर गल्लीत मूळ किमतीच्या कितीतरी खाली मिळतात. आमच्या ४० पैकी मूळचे इटालियन मोजके, बाकी सगळे तपकीर गल्लीचे. काकांनी भेद केला नाही. पाट सगळ्यांना सारखे.

बोर्डाला वीज द्यायची कशी, हा मात्र काकांचा खास प्रांत. पुस्तकात त्यावर पान-दीड पान असतं. काकांकडे सबंध गृहस्थाश्रम होता.

पहिला धडा अ‍ॅडॉप्टरचा. बोर्डाला आत हवेत ५ व्होल्ट. बाहेरच्या गोल सॉकेटमधून ७ ते १२ चालतात. मध्ये रेग्युलेटर नावाचा एक काळा चौकोनी किडा बसलेला असतो, तो त्याचे ५ करून देतो. "बारा देता, पाच घरात पोचतात. मधले सात कुठे गेले?" काका विचारत. आम्ही गप्प. मग ते हाताचा पालथा पंजा त्या किड्यापाशी नेत, आई पोराच्या कपाळाला लावते तसा, आणि म्हणत, "इथे. ताप आलाय." ७ व्होल्ट आणि २०० मिलिअ‍ॅम्पिअर म्हणजे जवळजवळ दीड वॉट उष्णता, आणि ती त्या एवढ्याशा जिवाने सोसायची. म्हणून १२ चा अ‍ॅडॉप्टर चालत असला तरी काका ९ चाच देत. "परवानगी आहे म्हणून रोज जेवायला जाऊ नये."

दुसरा धडा चौकोनी ९ व्होल्टच्या बॅटरीचा. दर वर्षी कुणीतरी दोन मोटरची गाडी करे, तिच्यावर ही बॅटरी बांधे आणि गाडी हातभर जाऊन थांबे. पुन्हा चालू होई, पुन्हा हातभर. मुलगा दोन रात्री प्रोग्रॅममधली चूक शोधत बसे. काका बॅटरीकडे बोट दाखवत : "हिचा नुसता रुबाब नऊ व्होल्टचा. खिशात दमडी नाही. मोटरने सुरुवातीला हात पसरला की ही बसते, हिच्याबरोबर बोर्ड बसतो, मोटर सुटली की दोघं उठतात. यात तुझ्या प्रोग्रॅमचा काय दोष?" मोटरला वेगळे सेल दे, म्हणजे सुटलास.

तिसरा धडा पॉवर बँकेचा. ही शक्कल माझी होती. बोर्ड पॉवर बँकेवर लावला, छान चालला, परीक्षकांसमोर नेला आणि अर्ध्या मिनिटात मेला. पुन्हा बटण दाबलं, पुन्हा अर्धं मिनिट. काकांनी समजावलं की नुसता बोर्ड पन्नासेक मिलिअ‍ॅम्पिअरच खातो. मोबाइलला वाढायची सवय असलेल्या पॉवर बँकेला वाटतं, पाहुणा उठला. "आपल्या मावशीकडे नाही का, हात जरा आखडता घेतला की ताट उचलतात?" त्यांनी बोर्डाला दोन-चार दिवे जोडून त्याचा आहार वाढवला आणि पॉवर बँक मुकाट्याने वाढत राहिली.

यूएसबीच्या वाटेवर एक फ्यूज असतो. ५०० मिलिअ‍ॅम्पिअरच्या फार पुढे गेलं की तो तापतो आणि वाट अडवतो. निवला की आपणच उघडतो. त्याला काका 'आमचे सासरे' म्हणत. "तापले की बोलणं बंद. कुणी समजूत काढायची नाही. अर्ध्या तासाने स्वतःच चहा मागतात."

आणि पिनेला मोटर जोडणाऱ्यांसाठी एक वाक्य त्यांनी भिंतीवर रंगवूनच घेतलं होतं : 'पिन साहेब आहे, हमाल नाही.' एका पिनेने २० मिलिअ‍ॅम्पिअर द्यावेत. ४० ही मरणाची रेघ. दिवा पेटवायचा तर मध्ये २२० ओहमचा रेझिस्टर घालून खुशाल पेटवा. मोटर फिरवायची तर पिनेने हुकूम सोडायचा, ओझं ट्रान्झिस्टरने उचलायचं.

पण सगळे रस्ते शेवटी अर्थापाशी येत. मोटरला वेगळे सेल दिले, बोर्डाला वेगळा अ‍ॅडॉप्टर दिला, सिग्नलची वायर जोडली, तरी सर्व्हो मोटर हिवताप भरल्यासारखी थडथडते. काका न बघता विचारत, "अर्थ लागला का?" म्हणजे दोघांचं ग्राउंड एकमेकांना जोडलं का? बोर्ड म्हणतो, मी ५ व्होल्ट पाठवले. कुठून मोजून ५? त्याचं शून्य इथे, मोटरचं शून्य तिथे. "दोघं एकाच शून्यावर आल्याशिवाय एकाचं बोलणं दुसऱ्याला कळत नाही," काका म्हणत आणि एक काळी वायर खोचत. थडथड बंद. लग्न ठरलेल्या एका माजी विद्यार्थ्यालाही त्यांनी हाच आशीर्वाद दिल्याचं ऐकिवात आहे.

नव्याने रुजू झालेल्या एका प्राध्यापकांना हे खटकलं. बोर्डावरचं ते ग्राउंड; जमिनीत जातं ते अर्थ. दोन्ही एक नव्हेत, मुलांना चुकीचं शिकवू नका, असं त्यांनी सर्वांसमोर सांगितलं. काका उठून उभे राहिले. "बरोबर आहे सर. बॅटरीवरच्या गाडीला जमीन कुठली? चूक माझीच." मग खाली बसत हळूच म्हणाले, "पण सर, ग्राउंड लागलं का, असं विचारलं तर पोरं क्रिकेटची बॅट काढतात." प्राध्यापक हसले, आणि आठवड्याभरात त्यांच्याच तोंडून आम्ही वर्गात ऐकलं, "अर्थ लागला का?"

जोडणीचे नियम कडक होते. लाल वायर ५ व्होल्टला, काळी ग्राउंडला. उलट केलंत तर "मिठाच्या बरणीत साखर" म्हणून जाहीर पंचनामा. वायर हलवायची तर आधी केबल काढायची. एकाने जोडायचं, दुसऱ्याने वाचायचं, तिसऱ्याने वीज द्यायची. तिन्ही कामं एकाच माणसाकडे असतील तर प्रत्येक कामानंतर बाहेर जाऊन पाणी पिऊन यायचं. आणि वीज देण्याआधी मल्टिमीटर ५ व्होल्ट आणि ग्राउंडवर टेकवायचा. तो वाजला तर केबलीला हात लावायचा नाही. हा एवढा बंदोबस्त असूनही बोर्ड जळत. हाच काकांच्या संसाराचा खरा रंगतदार भाग.

कपाटाच्या खालच्या कप्प्यात पेढ्यांचं एक मोठं खोकं होतं. त्यात मेलेले बोर्ड. प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी : तारीख, रोल नंबर, मृत्यूचं कारण. नाव कधीच नाही. जळालेल्या बोर्डाबद्दल काकांनी कुणाकडून एक पैसा घेतला नाही की कुणाची तक्रार वर नेली नाही. फक्त चिठ्ठीवरचं कारण पटल्याशिवाय नवा बोर्ड मिळत नसे. दंड परवडला असता.

माझंच बघा. मला १२ व्होल्टचे दोन रिले, म्हणजे विजेने चालणारे खटके, चालवायचे होते. तेच १२ व्होल्ट मी बोर्डालाही दिले, पण व्हीइन या भोकाऐवजी ५ व्होल्टच्या भोकात. दोघांच्या मध्ये फक्त दोन घरं आहेत, आणि ती दोन्ही ग्राउंडची. 'टच्' असा, चिमणीने दाणा फोडल्यासारखा आवाज झाला. लॅपटॉपची केबल तेव्हा लावलेली नव्हती, हे माझ्या आई-वडिलांचं पुण्य. काका चार टेबलं पलीकडे होते. त्यांनी नाक वर केलं, "चिप," म्हणाले, "रेझिस्टरचा वास वेगळा." मग माझ्याकडे वळून, "या साहेब. बसा."

मी चिठ्ठी लिहिली : 'बोर्ड जळाला.'

"हे मलाही दिसतंय. पुढे?"

मी लिहिलं : 'बोर्ड आपोआप जळाला.'

"आपोआप फक्त केस पिकतात."

मी लिहिलं : 'शॉर्ट झाला.'

"कोण कुणाला भेटलं? नावं लिहा. वेळ लिहा. पळून गेले म्हणून नोंद करून चालत नाही."

मी चिडून घरी गेलो. दोन दिवस लॅबमध्ये फिरकलो नाही. तिसऱ्या दिवशी बोर्डाचा आराखडा उघडून बसलो आणि त्यात मला तो काळा किडा सापडला. व्हीइन त्याच्या अलीकडे, ५ व्होल्ट त्याच्या पलीकडे. मी समजत होतो की बोर्डाच्या कुठल्याही भोकातून वीज आली तरी रेग्युलेटर दारात उभा राहून तिला आवरेल. तो एकाच दारात उभा असतो. मी मागच्या दाराने १२ व्होल्ट थेट चिपच्या स्वयंपाकघरात सोडले होते, आणि त्या चिपला ६ च्या पुढे सोसत नाही. हे सगळं चिठ्ठीवर मावेना म्हणून मागेपुढे लिहिलं.

काकांनी चिठ्ठी दोनदा वाचली. चष्मा काढला. "लागला ना रे अर्थ? घे," म्हणाले आणि कोरा करकरीत बोर्ड पाटासकट पुढे केला. त्या 'रे'साठी मी तीन दिवस घालवले होते.

सर्वपित्री अमावास्येच्या सुमाराला पहिलं सत्र ऐन भरात असे. त्या दिवशी काका नव्या बॅचसमोर पेढ्यांचं खोकं उघडत. पानं नाहीत, खीर नाही. फक्त चिठ्ठ्यांचं वाचन. 'रोल नंबर २१ : मोटर थेट ९ नंबरच्या पिनेला. पिन गेली, बाकीचा जिवंत; पण चिडचिडा.' 'रोल नंबर ४० : पोह्यांच्या डब्याच्या झाकणावर ठेवून अ‍ॅडॉप्टर लावला. व्हीइन आणि ५ व्होल्ट खालून भेटले.' 'रोल नंबर ७ : चालू असताना वायर बदलली. घाई होती, बस चुकत होती. बसही चुकली.' 'रोल नंबर ५२ : चहा.' एवढंच. ती एक चिठ्ठी काकांनी पहिल्या झटक्यात मंजूर केली होती. माझी वाचताना ते शेवटच्या बाकाकडे, जिथे मी पुढच्या वर्षी मुद्दाम जाऊन बसलो होतो, मुळीच पाहत नव्हते.

सगळ्यात शेवटी एक बोर्ड निघे, अर्धा काळा. ती चिठ्ठी ते सावकाश वाचत. 'रिलेवरची २३० व्होल्टची वायर सुटून बोर्डावर पडली. मुलगा सुखरूप.' वर्ग शांत होई. "पाच व्होल्ट माफ करतात," काका म्हणत. "तुम्ही चुका, ते बोर्ड मारतील, तुम्हाला सोडतील. दोनशे तीस माफ करत नाहीत. हा मुलाऐवजी गेला." तो बोर्ड जळाला त्या दिवसापासून आमच्या लॅबमध्ये रिलेवर घरगुती वीज बंद झाली. बल्ब पेटवायचा तर १२ व्होल्टचा. मग काका तो बोर्ड पालथ्या हाताने एकदा चाचपून खोक्यात ठेवत, ताप उतरला की नाही बघावं तसं.

काका ५८ व्या वर्षी निवृत्त झाले. जाण्याआधी चार्ज द्यायचा असतो, म्हणजे डेड स्टॉक रजिस्टरमध्ये आहे तेवढं सगळं मोजून दाखवायचं. भल्याभल्यांची तिथे गाळण उडते. नोंदीत असलेली वस्तू कपाटात नसते आणि कपाटात असलेली नोंदीत नसते. काकांच्या रजिस्टरमध्ये बोर्ड ४०. कपाटात चालू २३, खोक्यात १७. बेरीज बिनचूक. डेड स्टॉकमध्ये खरोखर डेड काय हे ज्याला तपशीलवार सांगता येतं असा माणूस समितीने पहिल्यांदाच पाहिला. सतरांचं निर्लेखन करून ते ई-कचऱ्यात द्यावेत असं ठरलं. काका काही म्हणतील असं वाटलं होतं. त्यांनी शांतपणे दोरे सोडवले, बोर्ड समितीपुढे सारले आणि चिठ्ठ्या खोक्यात परत ठेवल्या. "बोर्ड बाजारात मिळतो," म्हणाले.

निरोप समारंभ हॉलमध्ये होता. स्पीकरमधून पहिल्यापासून 'घूंऽऽ' असा आवाज येत होता. प्राचार्य त्यातूनच बोलले, विभागप्रमुख त्यातूनच भावुक झाले. काकांची पाळी आली. त्यांनी माइक हातात घेतला, क्षणभर ऐकलं, आणि माइक टेबलावर ठेवून स्टेजच्या मागे निघून गेले. लोकांना वाटलं, गहिवरले. टाळ्या पडल्या. आम्ही विंगेत डोकावलो तर काका वाकलेले, डावा हात पाठीमागे, उजव्या हाताने वायरी तपासतायत. अ‍ॅम्प्लिफायर एका भिंतीच्या सॉकेटवर होता, गाणी लावायचा लॅपटॉप समोरच्या भिंतीच्या, आणि मधून दोघांना जोडणारी केबल. त्यांनी लॅपटॉपचा प्लग काढला आणि अ‍ॅम्प्लिफायरच्याच एक्स्टेंशनवर आणून लावला. 'घूंऽऽ' थांबलं. हॉल इतका शांत झाला की पंख्यांचा आवाज ऐकू आला.

काका परत आले, माइकसमोर उभे राहिले. "दोन अर्थ लागले होते," म्हणाले. "एक केला. चला, बटाटेवडे गार होतायत." आणि बसले. आमच्या कॉलेजच्या इतिहासात एवढं थोडक्यात आणि एवढं स्वच्छ ऐकू आलेलं भाषण दुसरं नाही.

गेल्या वर्षी कॉलेजात गेलो होतो. लॅबमध्ये आता ईएसपी ३२ चे बोर्ड आले आहेत. ते ३.३ व्होल्टवाले, उनोच्या ५ व्होल्टच्या पंक्तीतून उठवून आणलेला सेन्सर थेट जोडला की पिन दगावू शकते. नव्या असिस्टंटने कपाट हलवलेलं नाही, हिरवी वायर जागेवर आहे, आणि पेढ्यांच्या खोक्यात १७ जुन्या चिठ्ठ्यांवर काही नव्या चिठ्ठ्या पडल्या आहेत.

तुमच्याही घरात कधीतरी एखादं पोर असा निळा बोर्ड घेऊन येईल आणि जेवणाच्या टेबलावर मांडून बसेल. त्याच्या खालचं स्टीलचं ताट तेवढं काढून घ्या आणि एक लाकडी पाट सरकवा. वायर हलवताना केबल काढ म्हणावं. एवढं सांगूनही एक दिवस 'टच्' असा आवाज येईलच. तेव्हा रागावू नका, बोर्ड फेकूनही देऊ नका. कागदाचा एक कपटा आणि पेन पुढे करा, आणि 'आपोआप' असं लिहिलं तर परत पाठवा.